श्वास रोखू नका, चालू द्या

सांगलीच्या माझ्या चुलतभावाला जिना चढताना छातीत दडपल्यासारखं व्हायला लागलं. ईसीजी झाला, इको झाली, ट्रेडमिलवर पळवून झालं. ट्रेडमिलचा रिपोर्ट ना धड नॉर्मल ना धड बिघडलेला, म्हणून डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सुचवली, म्हणजे शिरेतून डाय देऊन क्ष-किरणांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायची तपासणी. त्याच रात्री दादाचा फोन.

"अगं, तू इतकी वर्षं लंडनला हृदयाचे एमआरआय करतेस. मग मी हे डाय आणि रेडिएशन कशाला घेऊ? तुमच्या मशीनमध्ये नळ्या दिसत नाहीत का?"

"दिसतात की. पण तू सीटीच कर."

यावर तो जो गप्प झाला त्यावरून कळलं, की त्याला वाटतंय मी हात झटकले. वहिनींनी मागून फोन घेऊन "तुम्हीच काय ते नीट समजावा हो वन्सं" असं म्हटलं. फोनवर जेवढं जमलं तेवढं समजावलं. दादाने सीटी करून घेतली, आता गोळ्या चालू आहेत, बरा आहे. पण त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. मी रेडिओग्राफर आहे, डॉक्टर नाही. मशीन चालवते, पेशंटला आत-बाहेर करते आणि संशोधनवाल्यांच्या नव्या नव्या पद्धती पहिल्यांदा माझ्यासारख्यांच्याच हातून चालतात. तिथून जे दिसतं ते लिहिते.

आधी अडचण काय आहे ते बघू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर रुंद असतात आणि पुढे निमुळत्या होत दोनच्याही खाली जातात. त्यात निम्मा अडथळा आहे की नाही हे सांगायचं म्हणजे दीड मिलिमीटरचा फरक ओळखायचा. धमनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून करायच्या नेहमीच्या अँजिओग्राफीत मिलिमीटरच्या पाव भागापर्यंतचं बारीक दिसतं. सीटीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एमआरआयमध्ये वर्षानुवर्षं आम्ही एक ते सव्वा मिलिमीटरवर अडकलो होतो. त्यात ही धमनी एका जागी थांबत नाही. हृदय ठोका देतं तेव्हा ती हलते, आपण श्वास घेतो तेव्हा अख्खं हृदय डायफ्रॅमसकट, म्हणजे फुप्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्यासकट, वरखाली होतं. साध्या श्वासात डायफ्रॅम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज सरकतो. तीन मिलिमीटरची नळी आणि दहा मिलिमीटरची हालचाल.

आणि एमआरआय फोटो काढत नाही. सीटी एका-दोन ठोक्यांत अख्खं हृदय टिपून मोकळी होते. एमआरआयला चित्राची माहिती ओळीओळीने, कित्येक मिनिटं गोळा करावी लागते. प्रत्येक ठोक्यात हृदय जेमतेम १०० मिलिसेकंद निवांत असतं, तेवढ्यात ठरावीक ओळी घ्यायच्या आणि पुढच्या ठोक्याची वाट बघायची. नाडी ६० असेल तर वेळेचा दहावा हिस्साच कामाचा. त्यातही श्वासामुळे निम्मी माहिती बाद झाली, तर दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये खरी कमाई अर्ध्या मिनिटाची. नवीन आलेल्या ट्रेनींना मी हा हिशोब कागदावर करायला लावते. नंतर ते "एवढा वेळ का लागतो" असं विचारत नाहीत.

तो निवांत क्षण शोधणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. आधी हृदयाच्या चारही कप्प्यांची हलती फिल्म घ्यायची. त्यात उजवा वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्या मधल्या खाचेत चरबी असते आणि त्या चरबीत एक छोटा गोल ठिपका. ती उजवी कोरोनरी, आडवी कापलेली. फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायची. ठिपका झपकन खाली येतो, परत वर जातो, आणि मग काही फ्रेम जागचा हलत नाही. किती मिलिसेकंदांना थांबला, कितीला सुटला, हे दोन आकडे टिपून घ्यायचे आणि मशीनला सांगायचे. नाडी संथ असेल तर हा थांबा ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतो. नाडी ८०-९० असेल तर तो विसावाच उरत नाही, मग आकुंचन संपतानाची छोटीशी फट पकडावी लागते. हल्ली सॉफ्टवेअर हे आपोआप करून देतं म्हणतात. देतं, बऱ्यापैकी. मी तरीही डोळ्यांनी बघते.

ठोक्याशी ताळमेळ राखायला ईसीजी लागतो आणि चुंबकात ईसीजी बिघडतो. रक्त स्वतः वीजवाहक. ते जोरदार चुंबकीय क्षेत्रातून महाधमनीत धावतं तेव्हा स्वतःचा विद्युतदाब तयार करतं आणि ईसीजीमधली टी-लहर, म्हणजे मुख्य ठोक्यामागून येणारी छोटी लहर, फुगते. मशीनला वाटतं हाच ठोका. १९९९च्या सुमाराला व्हेक्टर ईसीजी आला, म्हणजे लहरीची नुसती उंची न बघता दिशाही बघायची, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरी छातीवरचे केस ही समस्या कोणत्याही संशोधकाने सोडवलेली नाही. एक वापरून फेकायचा रेझर, जेल, आणि "काका, जरा थंड लागेल हं".

आता श्वासाची गोष्ट. मला या सगळ्या विषयातली खरी मजा तिथेच वाटते.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच होता: श्वास रोखायला सांगा. १९९१ च्या आसपास बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात रॉबर्ट एडेलमन आणि सहकाऱ्यांनी एका श्वासात एक काप अशा पद्धतीने कोरोनरी दाखवल्या. १९९३ मध्ये तिथल्याच वॉरन मॅनिंग यांनी ३९ जणांवर केलेली तुलना न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली. अडथळे ओळखण्याची क्षमता ९० टक्के, अडथळा नसलेली धमनी मोकळी म्हणून ओळखण्याची ९२. लोकांना वाटलं, झालं, कॅथेटरचे दिवस भरले. पण बाकीच्या ठिकाणी तसे आकडे येईनात. ज्याच्या छातीत दुखतंय त्या माणसाला "श्वास सोडा, रोखा, अजून थोडं" असं पुन्हा पुन्हा सांगून बघा. पहिले चार-पाच वेळा तो इमानेइतबारे करतो. पुढे दमतो. आणि दर वेळी डायफ्रॅम वेगळ्याच उंचीवर थांबतो, त्यामुळे शेजारचे दोन काप एकमेकांना जुळत नाहीत. धमनीचा मधलाच तुकडा गायब. तो अडथळा आहे की श्वासाची चूक, हे ओळखायला फारच अनुभवी डोळा लागायचा.

दुसरा उपाय म्हणजे नेव्हिगेटर. त्याची कल्पना रिचर्ड एहमन आणि जोएल फेल्मली यांनी मेयो क्लिनिकमध्ये १९८९ मध्येच मांडली होती. यकृताच्या वर, डायफ्रॅमच्या उजव्या घुमटावर, पेन्सिलीएवढा बारीक पट्टा सतत वाचत राहायचा. यकृत आणि फुप्फुस यांच्यातली सीमा स्क्रीनवर लाटेसारखी वरखाली होताना दिसते. त्या लाटेवर पाच मिलिमीटरची खिडकी आखायची. श्वास सोडून डायफ्रॅम खिडकीत आला तर माहिती ठेवायची, नाहीतर टाकून द्यायची. पेशंटला मोकळेपणी श्वास घेता येतो, ही केवढी मोठी सोय! याच पद्धतीवर सात केंद्रांनी मिळून १०९ रुग्णांचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या भागांपैकी ८४ टक्के वाचता येण्याजोगे निघाले. डाव्या मुख्य धमनीतला किंवा तिन्ही धमन्यांमधला आजार एकाही रुग्णात सुटला नाही. पण "तुमच्या धमन्या अगदी स्वच्छ आहेत" अशी छातीठोक खात्री द्यावी, इतकं ते चांगलं नव्हतंच.

मी शिकले ती याच पद्धतीवर, आणि तिच्याशी जितकी भांडले तितकी कुणाशी नाही. एक तर डायफ्रॅम हलतो तेवढंच हृदय हलत नाही. सरासरी सहा दशांश, असं १९९५ मध्ये मोजून ठेवलं आहे, आणि मशीनमध्ये ०.६ हा आकडा घातलेला असतो. पण तो सरासरीचा. समोरच्या माणसाचा किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसरं म्हणजे माणूस झोपतो. उबदार पांघरूण, कानात हेडफोन, तालात ठोकणारं मशीन. वीस मिनिटांत भलेभले घोरायला लागतात. झोपला की श्वास बदलतो आणि डायफ्रॅम हळूहळू वर सरकत खिडकीच्या बाहेर स्थिरावतो. पडद्यावर लाट चाललेली, खिडकी रिकामी, आणि स्कॅन पूर्ण होण्याची टक्केवारी ४१ वर ठाण मांडून. लंडनच्या हॅरो भागातून येणारे एक निवृत्त मराठी काका असेच ४१ वर झोपले होते. मी मायक्रोफोनवर म्हटलं, "काका, डोळे मिटा, पण झोपू नका." ते दचकून उठले आणि एवढा मोठा श्वास घेतला, की पुढची दोन मिनिटं लाट जाग्यावर येईना. मग म्हणाले, "झोपलो नव्हतो हो, ऐकत होतो."

दहा मिनिटांचं स्कॅन पंचवीसवर जायचं. बाहेर पुढचा पेशंट ताटकळलेला. किती वेळ लागेल ते आधी सांगताच यायचं नाही, आणि माझ्या मते हा विषय रोजच्या कामात रुजला नाही याचं मोठं कारण हेच आहे. डॉक्टर मंडळी नेहमी अचूकतेच्या टक्क्यांबद्दल बोलतात. अपॉइंटमेंटची वही सांभाळणाऱ्याला विचारा.

एक गोष्ट मात्र या पद्धतीतली पहिल्यापासून सुंदर आहे, ती म्हणजे डाय लागत नाही. रक्त आणि स्नायू चुंबकात वेगवेगळ्या वेगाने 'विझतात'. धमनीतल्या रक्ताचा टी-टू, म्हणजे विझण्याचा वेळ, २५० मिलिसेकंदांच्या आसपास, स्नायूचा ५०. माहिती घ्यायच्या आधी थोडं थांबलं की स्नायू काळा पडतो, रक्त उजळ राहतं. याला टी-टू प्रेप म्हणतात. कोरोनरी चरबीत लोळत असतात आणि चरबी फार चकाकते, तिला वेगळ्या लहरीने दाबून टाकायचं. शिरेत सुई नाही, आयोडीन नाही, किडनीची काळजी नाही. फक्त आपलंच रक्त.

मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय बदललं? डायफ्रॅमला विचारणं सोडून थेट हृदयाकडे बघायला सुरुवात झाली. प्रत्येक ठोक्यात खरी माहिती घ्यायच्या ऐन आधी हृदयाचंच एक झटपट, ओबडधोबड चित्र घ्यायचं. त्यावरून हृदय किती सरकलं ते थेट कळतं, आणि तेवढी माहिती उलट सरकवून दुरुस्त करता येते. ०.६ ची भानगड संपली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काहीच टाकून द्यावं लागत नाही. श्वास घेतलेला असो, सोडलेला असो, अर्धवट असो, प्रत्येक ठोका कामी येतो. श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे माहितीचे गट करायचे, हृदय नुसतं सरकत नाही तर दबतं-ताणतं तेही गणिताने हिशोबात घ्यायचं, आणि सगळे गट एकाच चित्रात बसवायचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रेने बोटनार आणि क्लॉडिया प्रिएटो यांच्या गटाने यात केलेलं काम फार मोलाचं आहे.

जोडीला कमी माहितीतून पूर्ण चित्र उभं करायच्या युक्त्या आल्या. १९९९ मध्ये झुरिकच्या क्लास प्रुसमन यांनी अनेक कॉइल, म्हणजे छातीवर ठेवायचे अँटेना, एकाच वेळी वापरून काही ओळी गाळायची रीत दाखवली. २००७ मध्ये मायकेल लुस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग एमआरआयमध्ये आणलं. सगळ्या ओळी न घेता विखुरलेल्या थोड्या घ्यायच्या आणि चित्रात मुळात किती कमी 'नवीन' असतं याचा फायदा घेऊन उरलेलं सोडवायचं. किंग्जवाल्यांनी त्यात भर घातली. चित्रातले एकमेकांसारखे दिसणारे छोटे तुकडे शोधायचे आणि त्यांना एकमेकांच्या मदतीने स्वच्छ करायचं. २०१९ मध्ये त्यांनी याच वाटेने अख्ख्या हृदयाचं मिलिमीटरच्या आतलं स्कॅन पाच मिनिटांच्या आसपास करून दाखवलं.

हे पहिल्यांदा स्वतः चालवलं तेव्हा काय वाटलं सांगू? कंटाळा आला. खरंच. बटण दाबलं, पडद्यावर उरलेला वेळ आला, आणि तो घड्याळाप्रमाणे कमी होत गेला. लाट नाही, खिडकी नाही, ओरडणं नाही. आत पेशंट बिनदिक्कत झोपलेला आणि त्याने काहीच बिघडत नव्हतं. चित्र लगेच मात्र दिसलं नाही. एवढं गणित करायला तेव्हा कॉम्प्युटरला पुष्कळ वेळ लागायचा, आणि पेशंट घरी जाऊन जेवल्यावर आम्हाला कळायचं की स्कॅन कसं आलं. आता न्यूरल नेटवर्कने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, तो वेळ खूपच खाली आणलाय.

२०२१ मध्ये किंग्जच्याच गटाने ५० रुग्णांमध्ये ही नवी रीत सीटीशी ताडून बघितली. बारकाई ०.९ मिलिमीटर, वेळ सरासरी अकरा मिनिटांच्या आत. लक्षणीय अडथळा असलेला एकही रुग्ण सुटला नाही. पण ज्यांना तसा अडथळा नव्हता त्यांच्यापैकी साधारण चौघांत एकाला उगाच 'असावा' असं म्हटलं गेलं. शिवाय केंद्र एकच, आणि तेही पद्धत घडवणाऱ्यांचंच घर. चांगली बातमी आहे, पण पेढे वाटायची घाई नको.

म्हणूनच दादाला सीटी करायला सांगितली. बावन्न वर्षांचा माणूस, छातीत दडपण, उत्तर लवकर हवं. सीटी सांगलीत होते, दहा मिनिटांत उरकते, आणि तिथले डॉक्टर ती रोज वाचतात. रेडिएशनची भीती त्याला होती, पण आताच्या मशीनवर एका वेळच्या तपासणीसाठी त्याच्या वयात ती मनावर घेण्यासारखी नाही. शिवाय आपल्याकडे ब्लॉकेजचे टक्के दहावीच्या टक्क्यांसारखे नातेवाइकांना फोन करून सांगायची पद्धत आहे. एमआरआय अजून तसे ठाम टक्के देत नाही, आणि "साठ की सत्तर?" याला माझ्याकडे उत्तर नसतं. अर्थात नळी किती अरुंद आहे आणि त्यामुळे पुढच्या स्नायूला रक्त खरंच कमी पडतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाला एमआरआय, औषधाने हृदयावर ताण देऊन, आजही उत्तम उत्तर देतो. टक्क्यांच्या नादात तो प्रश्न कुणी विचारत नाही.

मग या सगळ्याचा उपयोग कुणाला? मला डोळ्यांपुढे येतात ती मुलं. कावासाकी नावाचा एक आजार आहे. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या पोरांना होतो. दिवसेंदिवस ताप, लाल डोळे, लाल ओठ. वेळेवर उपचार झाला नाही तर चौघांत एकाच्या कोरोनरी फुगतात. त्या फुगवट्यांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. लहानपणी इकोत दिसतात, पोर मोठं झालं, छाती रुंदावली की इकोला दिसेनासे होतात. अशा मुलाची किती वेळा सीटी करणार? फुगवटा रुंद असल्यामुळे एमआरआयला तो सापडतोही सहज. काही मुलांची कोरोनरी धमनी जन्मतःच भलत्या जागेवरून निघालेली असते, महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्या मधून दाबली जाते, आणि खेळता खेळता चक्कर येणाऱ्या पोरांमध्ये ते शोधावं लागतं. तिथे मिलिमीटरचा वाद नसतोच. नळी कुठून निघाली आणि कुठून गेली एवढंच बघायचं. तिथे हे स्कॅन आजही पूर्ण भरवशाचं आहे.

दुसरे म्हणजे ज्यांच्या धमन्यांत चुन्याचा थर साचलाय असे वयस्कर लोक. सीटीत कॅल्शियम इतकं चकाकतं की आतली वाट झाकून जाते. एमआरआयला कॅल्शियम दिसतच नाही, त्यामुळे त्याचा त्रासही नाही. तिसरे किडनीचे रुग्ण, ज्यांना डाय द्यायला डॉक्टर कचरतात. स्टेंट बसवलेल्यांचं मात्र काही खरं नाही. स्टेंट एमआरआयला चालतो, पण आमच्या चित्रात त्या जागी काळं भोक पडतं. आतली वाट उघडी की बंद, सांगता येत नाही.

पुण्यात एका स्कॅन सेंटरवर माझी जुनी मैत्रीण काम करते. तिला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तेवढ्या वेळात माझे दोन गुडघे होतात." तिचं चुकीचं नाही. १.५ टेस्ला चुंबकी ताकदीचं मशीन तिच्याकडेही आहे, कॉइलही आहे. नाही ते सॉफ्टवेअर. ते संशोधन करणाऱ्या रुग्णालयांतून मशीन कंपन्यांच्या नेहमीच्या यादीत यायला फार वेळ लागतोय. आणि ते आलं तरी वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागेल, ज्याने अशा शेकडो धमन्या बघितल्यात. माझ्या अंदाजाने हे आपल्याकडे आधी मुलांच्या हृदयाच्या मोठ्या केंद्रांतून सुरू होईल, गल्लीतल्या स्कॅन सेंटरमधून नाही.

कुणाला हृदयाचा एमआरआय सांगितलाच असेल तर थोडं कामाचं. छातीवर केस असतील तर आधीच काढून या, आमचा रेझर बरा नसतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, डोळ्यात कधीतरी उडालेला लोखंडाचा कण, सगळं सांगा. लाजून काही लपवू नका. मंगळसूत्र काढायला लागेल. दार बंद होईपर्यंत पिशवीत घालून हातात धरायलाही चालणार नाही, बाहेर कुणाकडे तरी द्या. आणि ताण देऊन करायची तपासणी असेल तर आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण कॅफिन त्या औषधाचा परिणाम पुसून टाकतं. हा नियम आमची मराठी मंडळी हमखास मोडतात. "चहा नाही घेतला ना?" विचारलं की ठाम "नाही" येतं, आणि दोन मिनिटांनी, "सकाळी अर्धाच कप घेतला, तो धरायचा का?"

धरायचा.